एक बाजू, एक पिंट: गाण्याच्या बैठकीत शून्य टक्के बिअर, नऊ महिन्यांनंतर

आधी निकाल. पाचपैकी साडेतीन. रेकॉर्ड ऐकताना हातात असलेल्या बिअरमधलं अल्कोहोल काढलं तर गारवा, कडवटपणा आणि बऱ्यापैकी फेस उरतो, तिसऱ्या तासाचं जडपण जातं. चवीत मात्र एक पोकळी राहते. नीट गार केली आणि नीट ओतली तर ती पोकळी झाकली जाते, भरत नाही. दीड गुण त्याचा कापला.

वापर असा: नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधली बैठक, दर दुसऱ्या शनिवारी, सहा ते आठ जण, संध्याकाळी सात ते दहा, एका वेळी चार-पाच एलपी रेकॉर्ड. काळ ऑगस्ट ते एप्रिल, म्हणजे पावसाळी दमटपणा, डिसेंबरची थंडी आणि उन्हाळ्याची सुरुवात तिन्ही आलं. मधल्या चार बैठका मुद्दाम जुन्या पद्धतीने, स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटल्यांवर केल्या. तुलना त्यांच्याशी आहे.

नाशिकच्या परमिट रूममध्ये नव्वदच्या दशकात मेनूकार्ड उघडायची गरजच नसायची. माइल्ड म्हणजे किंगफिशर किंवा लंडन पिल्सनर, स्ट्राँग म्हणजे हेवर्ड्स ५००० किंवा नॉक आउट. नाव ऑस्ट्रेलियाचं आणि बाटली वाळूजची अशी फॉस्टर्स त्या दशकाच्या अखेरची. लंडन पिल्सनरला बोलताना ‘एलपी’ म्हणत, त्यामुळे रेकॉर्डवाल्याच्या घरी ‘दोन एलपी काढ रे’ असं कुणी म्हटलं की कपाटाकडे जायचं का फ्रिजकडे, हे आवाजावरून ओळखावं लागे.

या आठवणीत चवीइतकंच माप महत्त्वाचं आहे. मोठी बाटली ६५० मिलीची. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. एक मोठी बाटली दोघांत आणि कॅसेटची एक बाजू, हे न ठरवता बसलेलं गणित होतं. एलपीची बाजू बहुतेक १८ ते २२ मिनिटांची, तिथे ३३० मिलीचा पिंट चपखल बसतो. त्याआधीच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांत संपत. चावी द्या, सुई बदला, तबकडी उलटा, यात पिणाऱ्याचा हात मोकळा राहायचाच नाही. मोबाइलवरच्या प्लेलिस्टला बाजूच नाही. थांबायची जागा गेली आणि ग्लास कधी परत भरला गेला ते कळेनासं झालं. ऐकणाऱ्यांचं पिणं वाढलं ते बरंचसं इथे, दोष मात्र बाटलीवरच्या टक्क्यांना दिला जातो.

टक्के निर्दोष आहेत असंही नाही. आपल्याकडची स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत जाते. ८ टक्क्यांच्या ६५० मिलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ४१ ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निचरा करतं. सात वाजता उघडलेली बाटली एकट्याने संपवली तर ती रक्तातून जायला चार ते सहा तास, म्हणजे बैठक संपते तेव्हाही हिशेब पुरा झालेला नसतो. ५ टक्क्यांच्या पिंटात हेच १३ ग्रॅम. शून्य टक्क्यात हिशेबच नाही.

कानावरचा परिणाम जास्त बोलका होता. अॅम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणाखाली कागदी टेपची पट्टी चिकटवली आणि दर बाजूला बटण कुठे आहे त्याची पेन्सिलीने खूण केली. स्ट्राँगच्या चारही बैठकांत बटण सात वाजता जिथे होतं त्याच्या बरंच पुढे दहा वाजता सापडलं. शून्य टक्क्याच्या बैठकांत खुणा एकमेकींवर पडून पेन्सिलीचा एकच काळा डाग झाला. कारण आहे. कानात एक इवलासा स्नायू असतो, मोठा आवाज आला की तो आकसून आतल्या भागाचं रक्षण करतो. अल्कोहोलने तो सुस्तावतो आणि त्याच वेळी बारीक तपशील पकडायची आपली ताकदही मंदावते. तानपुऱ्याची दुसरी तार ऐकू येईना म्हणून बटण पुढे, आणि पुढे गेल्याचं कळत नाही म्हणून आणखी पुढे.

आता प्रत्यक्ष माल. ‘नॉन-अल्कोहोलिक’ या एका नावाखाली दुकानात तीन निरनिराळ्या गोष्टी मिळतात आणि निम्मी निराशा चुकीची उचलल्यामुळे होते.

पहिली जात: पूर्ण बिअर बनवून तिच्यातून अल्कोहोल काढलेली. दाब कमी केला की अल्कोहोल कमी तापमानाला उडतं, त्यामुळे बिअर उकळून बेचव होत नाही. पण अल्कोहोलबरोबर सुगंधाचाही काही भाग उडतो. ही कोरडी, कडवट, जराशी पाणचट लागते. बैठकीला हीच. दुसरी जात: आंबवणं मध्येच थांबवलेली किंवा साखर फारशी न खाणारं यीस्ट वापरलेली. हिच्यात माल्टची साखर शिल्लक राहते आणि उकडलेल्या धान्यासारखा वास येतो. पहिला घोट बरा लागतो, अर्ध्या पिंटाला तोंड गोडावतं. तिसरी जात: फळांच्या स्वादाची माल्टची पेयं. सफरचंद, डाळिंब, लिंबू वगैरे. चांगली असतात, पण तिला बिअर समजून घेतली तर राग येणारच. रॅडलर हे बिअर आणि या पेयांच्या मधलं. मूळ जर्मन कल्पना बिअरमध्ये लिंबाचं सरबत मिसळायची, आपल्याकडे २०१८ पासून किंगफिशरची बिनअल्कोहोल रॅडलर मिळते. दुपारच्या उन्हात छान, रात्रीच्या ख्यालाला नको.

बाटली न चाखता जात ओळखायची तर मागची पट्टी वाचा. १०० मिलीमागे साखर ३ ग्रॅमच्या आत असेल तर पहिली जात असण्याची शक्यता जास्त. ७ ग्रॅमच्या वर गेली की ते सरबत समजायचं. ‘०.०’ आणि ‘अल्कोहोल ०.५ टक्क्यांपेक्षा कमी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात ०.५ टक्क्यापर्यंतचं पेय मद्य धरलं जात नाही, म्हणून दोन्ही एकाच फळीवर दिसतात. हायनकेन ०.० जगभरात २०१७ पासून आणि बडवायझर ०.० भारतात २०१९ पासून आहे, कॉलेज रोडच्या सुपरमार्केटात सहसा याच हाती लागतात. परमिट लागत नाही. ड्राय डेलाही मिळते, ही सोय पहिल्यांदा लक्षात येते ती २ ऑक्टोबरला.

तारीख मात्र बघून घ्या. अल्कोहोल हे स्वतःच टिकवणारं द्रव्य आहे. ते नसल्यामुळे शिळेपणा इथे लवकर जाणवतो, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव लागते. चार महिन्यांहून जुना माल उचलू नये असा नियम आम्ही पाचव्या महिन्यात केला, तो आधीच करायला हवा होता. हिरव्या बाटलीचं दुखणं वेगळं. हॉप्समधलं कडू द्रव्य उजेडात फुटतं आणि बिअरला कुबट, जळक्या रबरासारखा वास येतो. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी जवळजवळ नाहीच, आणि टिनला प्रश्नच नाही. दुकानाच्या दारातल्या उजळ काचेच्या फ्रिजमधली हिरवी बाटली असेल तर मागच्या रांगेतली मागा. दुकानदार कुरकुरतो, तरी मागा.

गार करण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. शून्य टक्के बिअर ३ ते ५ अंशांवर प्यायची. १० च्या वर गेली की अंगातलं गोडपण वर येतं आणि पोकळी उघडी पडते. नेहमीची लागर ७-८ अंशांपर्यंत तग धरते, ही धरत नाही. एप्रिलमध्ये खोलीत ३२ अंश असताना ग्लासात ओतलेली ४ अंशांची बिअर एलपीची बाजू संपेपर्यंत ११-१२ वर गेलेली असते. म्हणून पूर्ण पिंट एकदम ओतायचा नाही. आधी अर्धा, उरलेला बाटलीतच फोमच्या जाकिटात. बाजूच्या मध्यावर दुसरा अर्धा.

फ्रिजमध्ये खालच्या फळीवर, दारात नाही. पिंटाला चार तास धरा, मोठ्या बाटलीला सहा. घाई असेल तर बादली: २ किलो बर्फ, दीड लिटर पाणी, दीडशे ग्रॅम खडे मीठ, त्यात सहा पिंट, दर दोन मिनिटांनी बाटल्या मानेला धरून फिरवायच्या. १२ ते १५ मिनिटांत काम होतं. पाण्याशिवाय नुसता बर्फ टाकला तर काचेला मोजक्याच ठिकाणी टेकतो आणि अर्धा तास जातो.

डीप फ्रीझरमध्ये ठेवायची खोड असेल तर इथे फटका बसतो. ५ टक्क्यांची बिअर साधारण उणे अडीच अंशाला गोठायला लागते, स्ट्राँग त्याहून खाली. शून्य टक्क्याची शून्याच्या जेमतेम खाली. स्ट्राँगच्या हिशेबाने ‘तासभर राहू दे’ म्हटलं तर बाटलीचं बूड सुटतं, आणि साखरेचा तो बर्फ खरवडून काढताना ज्याने ठेवली त्याला सगळेच सल्ले देतात. फ्रीझरमध्ये पंचवीस मिनिटं, मोबाइलवर गजर लावून, त्यापुढे एक मिनिट नाही.

ओतण्याबद्दल. शून्य टक्क्याचा फेस मुळात अशक्त, मोठ्या बुडबुड्यांचा. तो जगवायचा तर ग्लास खरोखर स्वच्छ हवा. धुतलेला ग्लास ओला करून आतून चिमूटभर बारीक मीठ भुरभुरवा. जिथे मीठ चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे. साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळबळायचा, पालथा घालून आपोआप वाळू द्यायचा, फडक्याने पुसायचा नाही, कारण स्वयंपाकघरातल्या फडक्याला फोडणी लागलेली असतेच. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून दोन तृतीयांश, मग सरळ करून मधोमध उंचावरून उरलेलं. दोन बोटं फेस यायला हवा. त्या फेसातूनच वास नाकाशी येतो, आणि या बिअरला वासाची गरज इतरांपेक्षा जास्त.

जाता जाता, बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात या समजाबद्दल. बाटली उघडून तोंडावर अंगठा दाबायचा, पाण्याच्या ग्लासात उलटी बुडवायची आणि खाली उतरणारी तेलकट रेघ दाखवून ‘बघ, ग्लिसरीन निघालं’ म्हणायचं, हा विधी नाशिकमध्ये अजून पाहायला मिळतो. ती रेघ बिअरचीच असते. आंबवून उरलेल्या साखरेमुळे बिअर पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून ती खाली सरकते आणि तिच्या जागी पाणी बाटलीत शिरतं. दोन्ही द्रवांतून प्रकाश वेगळा वाकतो म्हणून रेघ तेलासारखी चमकते. शून्य टक्क्याच्या बाटलीवरही हाच खेळ केला, तशीच रेघ, उलट जास्त ठळक. विधीतून मिळतं एवढंच: बिअर पातळ होते आणि गॅस जातो.

चकण्याने दोन प्रकारे त्रास दिला. नाशिकचा चिवडा हा या शहराचा मान, पण त्याचं तेल ओठांवरून ग्लासाच्या कडेला लागतं आणि फेस तिथल्या तिथे बसतो. शिवाय हळदीची बोटं रेकॉर्डच्या कव्हरला. चकली आणि पापड यांचा आवाज आलापात थेट घुसतो, मंद्र सप्तकात तर फारच. जमलेली गोष्ट म्हणजे मिठाच्या पाण्यात उकडलेले शेंगदाणे: तेल नाही, आवाज नाही, आणि खारटपणामुळे बिअरचं गोडपण दबतं. अर्धा किलो आठ जणांना पुरतात. चिवडा बाजू बदलताना, बाहेरच्या खोलीत.

खोलीतला छोटा फ्रिज हा वेगळाच उपद्व्याप. थर्मोस्टॅट बंद-चालू झाला की स्पीकरमधून ‘टक्’, आणि कॉम्प्रेसरची घरघर शांत जागांत ऐकू येते. रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल अगदी क्षीण असतो, तो शेकडो पटींनी वाढवताना विजेच्या लाइनवरची ठिणगीही वाढून येते. दुसऱ्या सर्किटवरचा प्लग दिल्यावर टक्‌टक् कमी झाली, थांबली नाही. शेवटी जमलेला उपाय: फ्रिज दुपारीच ३ अंशांवर आणायचा, पूर्ण भरलेला ठेवायचा आणि सातला बटणच बंद करायचं. वीस बाटल्यांचा गारवा दार फार उघडलं नाही तर दहापर्यंत पुरतो, शेवटची बाटली ६-७ अंशांवर निघते. बटण परत चालू करायची चिठ्ठी प्लेअरच्या झाकणावर चिकटवून ठेवा, नाहीतर सोमवारी कळतं.

पावसाळ्यात बाटल्यांना सुटणारा घाम खालच्या कव्हरवर गोल डाग पाडतो, जुन्या पुठ्ठ्यावरून तो जात नाही. बाटल्या प्लेअरच्या उंचीच्या खालीच ठेवायच्या आणि ओतायचं काम वेगळ्या टेबलावर. रेकॉर्डवर सांडलीच तर लक्षात ठेवा की साखर जास्त असलेली शून्य टक्के बिअर नेहमीच्या बिअरपेक्षा चिकट असते. वाळू द्यायची नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा. मधलं लेबल कोरडं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात आणि पुढे कायमची चरचर.

कुठल्या गाण्याला काय, याबद्दल बैठकीत अजून एकमत नाही. विलंबित ख्याल, सतार, सरोद, शांत जॅझ: शून्य टक्के, कोरडी जात, निःसंशय. दुसऱ्या बाजूचा द्रुत कुणी झोपेत घालवला नाही, आणि स्ट्राँगच्या बैठकांत तो निम्म्यांनी घालवला होता. ब्लूज आणि रेगेला ती चालते. हेवी मेटलच्या रात्री मात्र ही बिअर म्हणजे उपवासाची मिसळ: सगळं आहे, तर्री नाही. या संगीताचं आणि बिअरचं नातं जुनं आहे. आयर्न मेडन या मेटल बँडने २०१३ मध्ये इंग्लंडच्या स्टॉकपोर्टमधल्या रॉबिन्सन्स ब्रुअरीबरोबर ‘ट्रूपर’ ही एल जातीची बिअर बाजारात आणली, नाव स्वतःच्याच गाण्याचं, आणि तीही ५ टक्क्यांच्या आतली. इथली स्ट्राँग तिच्यापुढे दीडपटीहून जास्त, हे मेटलवाल्यांना सांगून पाहिलं. मग तडजोड अशी: पहिल्या दोन बाजू शून्य, तिसऱ्या बाजूला ज्याला हवा त्याला एक माइल्ड किंवा गव्हाची पिंट, चौथी परत शून्य. गव्हाच्या बिअरने, विशेषतः २०१५ नंतर बिरा हा ब्रँड आल्यावर, माइल्ड म्हणजे पुचाट हा समज बराच मोडला होता, तो इथे कामी आला. ती ६ ते ८ अंशांवर चांगली लागते, शेवटचा घोटभर भाग बाटलीत हलवून गाळासकट ओतायचा.

वाइन पिणाऱ्यांनाही विचारून पाहिलं. नाशिककराला हा पर्याय घरचाच. सुला वाइनरीची सुरुवात १९९९ ची, आणि २००८ पासून सुलाफेस्टमुळे द्राक्षबागेत बसून लाइव्ह संगीत आणि हातात वाइन ही जोडी शहराच्या अंगवळणी पडली. पण बैठकीच्या मापात वाइन बसत नाही. १२-१३ टक्क्यांचे १५० मिली म्हणजे १५ ग्रॅम अल्कोहोल, पिंटाहून थोडं जास्तच, आणि ते वीस मिनिटं हातात खेळवायला संयम लागतो. जमतं, पण प्रत्येकाला नाही.

घरी परतण्याचा मुद्दा टाळता येत नाही, कारण बैठकीतले दोघे नाशिक रोडला आणि एक पाथर्डी फाट्याला जातात. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तिसऱ्या बाजूला माइल्ड घेणारा गाडी चालवत नाही, हा नियम लेखी लावला आहे. ‘०.५ च्या आत’वाली पिऊन लगेच निघू नका, पंधरा मिनिटं थांबून चूळ भरा. तोंडात राहिलेला अंश यंत्राला दिसू शकतो.

कुणाला देऊ नये, हेही. दारू सोडलेल्या माणसासमोर ही बाटली ठेवू नका. वास, फेस, झाकणाचा आवाज सगळं तेच असतं आणि तेवढ्यानेही तल्लफ उठते. मधुमेह असेल त्याने दुसरी-तिसरी जात टाळावी आणि पहिलीतही एका पिंटवर थांबावं. अॅसिडिटीवाल्यांना वाटतं अल्कोहोल नाही म्हणजे त्रास नाही, पण गॅस तितकाच असतो. जेवणानंतर चार पिंट रिचवून पोट फुगल्याची तक्रार दोघांनी केली, ती बिअरची चूक नाही.

डिसेंबर-जानेवारीत बाल्कनी हाच फ्रिज. निफाडला पारा एकेरी आकड्यात गेला की इथेही रात्री बाटल्या बाहेर ठेवून भागतं, पहाटेच्या गारव्यातल्या तर थेट प्यायला तयार. तेव्हा मात्र या बिअरची मागणीच निम्म्यावर आली आणि आल्याचा चहा वरचढ ठरला. चहाचा कप एका बाजूला पुरतो, मापाची अडचण नाही.

शेवटची तक्रार रिकाम्या बाटल्यांची. ६५० ची तपकिरी बाटली भंगारवाला आनंदाने नेतो, ती धुऊन परत भरली जाते. कडेला घासल्याची पांढरी रेघ दिसते ती त्या फेऱ्यांचीच. शून्य टक्क्याचे हिरवे पिंट तो हातात घेऊन बघतो आणि परत ठेवतो. नऊ महिन्यांचे दोन पोती जिन्याखाली पडले आहेत. पुढच्या खरेदीपासून टिन घेतोय.